संडासवाली गाडी धारवाडला जाते

आमच्या बेंगळुरूच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर बरण्या हलवत होतो. "तुम्ही विमानांच्या कारखान्यात आयुष्य काढलंत, त्याबद्दल लिहा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कारखान्यात मी चौतीस वर्षं इंधनाच्या टाक्या गळतात की नाही ते बघितलं. त्या गळल्या नाहीत. न गळलेल्या टाकीवर कुणाला चार ओळींपलीकडे लिहिता येत असेल तर मी त्याचा सत्कार करीन. निवृत्तीनंतर जे केलं त्यावर लिहितो, पण ते संडासाबद्दल असेल. मग बाई म्हणाल्या, "चालेल. फराळाच्या पानांपासून लांब छापू."

तेव्हा ज्यांच्या हातात चकली असेल त्यांनी आधी ती संपवावी.

निवृत्त झाल्यावर चार महिने मी घरी बसलो. पाचव्या महिन्यात आमच्या सौभाग्यवती सुलभाताईंनी मला घराबाहेर काढण्यासाठी ओळखीपाळखी धुंडाळल्या आणि मी एचएसआर लेआउटमधल्या ईशान नावाच्या पुण्याच्या मुलासमोर मुलाखतीला बसलो. मुलगा म्हणजे तिशीचा. त्याचा धंदा चाकांवरच्या घरांचा. मिनीबसएवढी गाडी, आत चार बिछाने, शेगडी, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात संडास. लोक ती भाड्यानं घेऊन कूर्गला, हंपीला, गोकर्णाला जातात.

"काका, गाडी सुपर्ब आहे," ईशान म्हणाला. "फीडबॅकमध्ये लोक व्ह्यू लिहीत नाहीत, बेड लिहीत नाहीत. फक्त स्मेल लिहितात. तुम्ही फ्युएल टँकवाले ना? हाही टँकच आहे."

मला ते पटलं. टाकी ही टाकीच. आत काय आहे हा तपशील. माझ्या कार्डावर त्यानं इंग्रजीत 'प्रवासी स्वच्छता विभागप्रमुख' अशा अर्थाचं काहीतरी छापलं. विभागात मी एकटाच होतो. सुलभानं ते कार्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं आणि राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत सांगितलं, "हे वाहन क्षेत्रात सल्लागार आहेत."

तिच्या या सांगण्याला एकच माणूस फसलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शांताक्का. मूळच्या धारवाडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं मराठी-कन्नडच्या मधलं. पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना घटकेघटकेला आत जावं लागे. म्हणजे संडास हाकेच्या अंतरावर नसेल तर त्या उंबरा ओलांडत नसत. आठ वर्षांत त्या भाजीला गेल्या नव्हत्या, देवळात गेल्या नव्हत्या, सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. आगगाडीत संडास असतो, पण आपल्याला हवा तेव्हा तो दुसऱ्याला हवा असतो. धारवाडला त्यांची थोरली बहीण होती, गोदाक्का. दोघी रोज सकाळी फोनवर बोलत. फोन स्पीकरवर असे, त्यामुळे जिन्यातून मला सगळं ऐकू येई.

"येणार होते गं, पण नातवाची परीक्षा आहे की," शांताक्का सांगत. नातू शिकून बेळ्ळंदूरला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. पलीकडून गोदाक्का गुडघ्यांचं काहीतरी सांगत. मग दोघी एकमेकींना 'सरी, सरी' म्हणून फोन ठेवत.

एके सकाळी मी बरण्या घेऊन जिना चढत होतो. शांताक्कांनी दारातून विचारलं, "अण्णा, लोणचं घालताय?"

मी खरं ते सांगितलं. गाडीतला संडास, त्याची टाकी, टाकीचा वास, सगळं. त्यांनी मला आत बोलावलं, पाट दिला, कॉफी दिली आणि तासभर प्रश्न विचारले. माझ्या आयुष्यात माझ्या कामाबद्दल इतकं बारकाईनं कुणी विचारलं नव्हतं, कारखान्यातल्या तपासनीसांनीसुद्धा नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे मी खुर्चीत बसणार, गाडी चालणार, आणि ते माझ्या मागं चालत येणार. गोदाक्काच्या दारापर्यंत?"

"दारापर्यंत," मी म्हणालो.

"मग तुमची ती टाकी नीट करा की लौकर. गोदाक्का चौऱ्याऐंशीची आहे."

त्या दिवसापासून रोज जिन्यात एकच चौकशी. "अण्णा, वास गेला का?" आजूबाजूच्यांना वाटे, आमच्या घरी उंदीर मेलाय.

आता वास कसा घालवतात ते सांगतो, कारण ते कुणालाच माहीत नसतं. गाडीच्या संडासाखाली एक बंद टाकी असते. तिला खाली एक झडप. ती झडप प्रवासात बंदच ठेवायची आणि टाकी भरत आली की ठरलेल्या जागी नेऊन एकदम रिकामी करायची. लोक हुशारी करून ती उघडी ठेवतात. मग पाणी निघून जातं आणि घट्ट ते मागे राहून त्याचा डोंगर होतो. तो डोंगर फोडण्याचे प्रसंग मी इथे लिहीत नाही. निघण्यापूर्वी टाकीत बादलीभर पाणी आणि जिवाणूंचं औषध घालायचं. हे जिवाणू आतला माल पचवतात आणि वास मारतात. त्यांचा एकच शत्रू, फिनाईल. आपली माणसं वास आला की फिनाईल ओततात, जिवाणू मरतात, वास वाढतो, म्हणून आणखी फिनाईल ओततात. शेवटची गोष्ट म्हणजे टपावर निघणारी एक नळी. टाकीतली हवा तिच्यातून वर जाते. ती नसेल तर पाणी सोडायचं पेडल पायानं दाबताच सगळी हवा बसणाऱ्याच्या अंगावर येते. वासाची ही नळी माझी लाडकी. वितभर उंच, डोक्यावर छोटं टोपण, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आणि कागद. आपल्याला पाणी लागतं हे मान्य. पण गाडीतलं पाणी मोजकं आणि टाकी लहान. चार माणसांनी घरच्यासारखं पाणी वापरलं तर दुपारीच टाकी डोळे वटारते. म्हणून थोडं पाणी, थोडा कागद अशी तडजोड करावी लागते. हा कागद पाण्यात विरघळायला हवा. त्यासाठी मी बरण्या हलवत होतो. बरणीत पाणी घ्यायचं, कागदाचा तुकडा टाकायचा, झाकण लावून वीस वेळा हलवायचं. पेज झाली तर कागद पास. तुकडा तसाच तरंगला तर नापास. गुलाबाच्या वासाचे, फुलं छापलेले, तीन पदरी कागद सगळे नापास झाले. एक तर दुसऱ्या दिवशी वाळवून पुन्हा वापरता आला असता.

दुकानात मात्र माझी पंचाईत व्हायची. एचएसआरमधल्या दुकानदारानं मोठ्या प्रेमानं मला त्याचा सर्वांत मऊ आणि मजबूत माल दाखवला.

"मजबूत नको," मी हिंदीत म्हणालो. "असा द्या, जो पाण्यात लगेच फाटेल."

"सर, हमारे पास कमजोर माल नहीं रहता," तो दुखावून म्हणाला.

"बघा ना एखादा. लोकांनी परत आणलेला चालेल."

त्यानं आतल्या माणसाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघांनी मला जवळून बघून घेतलं. शेवटी कोपऱ्यातला, धूळ बसलेला, एकपदरी, खरखरीत कागद मिळाला. घरी येऊन बरणीत टाकला तर चौथ्या हलवण्याला त्याची पेज. मी गच्चीवरून ओरडलो, "विरघळला!" खालून शांताक्कांनी टाळ्या वाजवल्या. सुलभानं बरणीकडे बघितलं आणि त्या वर्षी आमच्याकडे कैरीचं लोणचं झालं नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरणार नाही. बेळ्ळंदूरच्या एका कुटुंबानं टाकीत डांबराच्या गोळ्या, कापूर आणि आठवड्याचा कॉफीचा चोथा घातला होता. गाडी परत आली तेव्हा तिला देऊळ, कपाट आणि हॉटेल यांचा एकत्र वास येत होता, आणि त्याखालून मूळचा. दुसऱ्या एका घरच्या बाईंनी शेगडी आणि संडास यांत जेमतेम सहा पावलांचं अंतर आहे हे बघून संडासाला बाहेरून कुलूप घातलं. आठ दिवसांनी गाडी आली तेव्हा आत गावाकडचे नारळ भरलेले, छतापर्यंत. त्यांनी फीडबॅक लिहिला, 'संडास फार उपयोगी.'

हे सगळं निस्तरता निस्तरता गाडीचा वास खरंच गेला. तीन फेऱ्या झाल्या, एकही तक्रार नाही. मी शांताक्कांच्या मुलाला, प्रल्हादला, सांगितलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघू. शांताक्कांनी गोदाक्काला फोनवर काही कळू दिलं नाही. फक्त म्हणाल्या, "नातवाची परीक्षा संपली बघ."

इथे माझी चूक येते.

बेंगळुरूत खंडेनवमीला वाहनांची पूजा केली नाही तर ड्रायव्हर गाडीला हात लावत नाही. आमच्या आवारातही सगळ्या गाड्या धुऊन रांगेत लावल्या. चाकांखाली लिंबं, पुढे केळीचे खुंट, कुंकू भरून फोडायला कोहळा. ईशान फोटो काढत फिरत होता. आमचा ड्रायव्हर बसण्णा चिक्कोडीकडचा, गाडीला लेकीसारखा जपणारा. तो म्हणाला, "सर, समोर हार झाला. तलेवर कुठं हाय? डोक्यावर हार नाही म्हणजे पूजा अर्धी बघा."

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि शिडी लावून टपावर चढलो. टप सपाट, पांढरा, गुळगुळीत. हार बांधायला कुठे काही नाही. एकच वस्तू वर आलेली, वितभर उंच. मी तिचं टोपण काढलं, झेंडूच्या हाराचं टोक मुठीत गोळा केलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून नळीत चांगलं ठासून बसवलं. वर दोरा आवळला. कारखान्यात शिकलेली गाठ होती. विमानातही सुटली नसती. खाली उतरून लांबून बघितलं. गाडी नवरीसारखी दिसत होती. मी हात जोडले. माझ्यासमोर ती वासाची नळी नव्हतीच, देवाचा खांब होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी बसण्णानं लोंबणारा हार कापून काढला. ठासलेला गोळा आत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. बसण्णा, मी, शांताक्का, प्रल्हाद आणि सुलभा. सुलभा का, तर शांताक्का म्हणाल्या, "बायकांचं बाईला सांगता येतं." आठ वर्षांनी त्या रस्ता बघत होत्या. गोरगुंटेपाळ्याचा उड्डाणपूल बघून "हे कधी झालं?" नेलमंगल बघून "एवढं मोठं?" मधूनच उठत, मागे जात, येत आणि पुन्हा खिडकीशी बसत. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान डोलवत. मला पदक मिळाल्यासारखं वाटत होतं.

तुमकूरला वास आला. सिराला तो बसला. हिरियूरच्या अलीकडे प्रल्हादनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते आत घेतलंच नाही. पेडल दाबलं की संडासातून असा झोत येई की बसण्णाचं स्टिअरिंग हाले.

मी कामाला लागलो. झडप बघितली, बंद. भांड्याच्या तळाचं रबर बघितलं, ठीक. पाणी ओतलं, औषध ओतलं, कागदाची बरणी सोबत होती ती हलवून बघितली, पेज झाली. सगळं बरोबर आणि वास प्रचंड. मग माझं टाळकं फिरलं. आमच्या घरी दर शुक्रवारी कोण फिनाईल ओततं? मी सुलभाकडे वळलो.

"तूच घातलंस. माझा विश्वास नाही म्हणून चोरून घातलंस! वर्षभराची माझी मेहनत आहे त्या टाकीत!"

"तुमची मेहनत टाकीत आहे ते वासावरूनच कळतंय," ती म्हणाली. "मी काही घातलेलं नाही." आणि उठून पुढे बसण्णाशेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिच्या पाठीकडे बघूनच मला कळलं की ती खरं बोलतेय. तरी मी चूक कबूल केली नाही. ती गोष्ट मला अजून लागते.

चित्रदुर्गाजवळ एका हॉटेलापाशी गाडी थांबवली. प्रल्हाद खाली उतरून मोठमोठे श्वास घेत होता. "काका, आता पुरे," तो म्हणाला. "अजून निम्मा रस्ता आहे. अम्माला ओकारी झाली, चक्कर आली तर काय करायचं? परत फिरू. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. चौऱ्याऐंशी अधिक एक. तांत्रिक बाजूनं तो बरोबर होता आणि तांत्रिक बाजू माझी होती.

शांताक्कांनी खिडकीतून सगळं ऐकलं. नाकाला पदर लावून त्या दारात आल्या. "यप्पा, वास तर आहे," त्या म्हणाल्या. "मोप आहे. पण वास येतोय म्हणजे संडास आहे की नाही? मला तेवढं पुरे. आठ वर्षं वास नसलेल्या घरात बसले होते. गाडी पुढं जाऊ दे."

प्रल्हादनं माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं. तेवढ्यात टपावर धप्प झालं.

चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरची माकडं त्या हॉटेलाशी येतात. त्यातलं एक आमच्या टपावर उतरलं होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, नळीतून डोकावणारा पिवळा दोरा धरला आणि ओढला. माझी गाठ सुटली नाही. नळीतून अख्खा गोळाच बाहेर आला, काळपट, ओला, झेंडूचा. माकडानं तो नाकाशी नेला. मग जे तोंड केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते शिंकलं, गोळा नेमका माझ्या छातीवर फेकला आणि झाडावर पळालं.

"सर," बसण्णा म्हणाला, "हे तर आपलं पूजेचं फूल."

मी छातीवरचा झेंडू बघत उभा राहिलो. वासाची नळी. माझी लाडकी नळी. चौतीस वर्षं टाक्या तपासलेल्या माणसानं तिचं तोंड देवाच्या नावानं बुजवलं होतं आणि दोष बायकोला दिला होता. मी सुलभाच्या खिडकीशी गेलो. "चुकलो," म्हणालो. सर्वांसमोर म्हणालो, आरोपही सर्वांसमोरच केला होता.

तिनं मला शर्ट बदलायला दिला. "त्या माकडाला तुमच्या विभागात घ्या," ती म्हणाली. "दोघं व्हाल."

नळी मोकळी झाल्यावर दावणगेरेपर्यंत वास निम्मा झाला, हावेरीला नावापुरता उरला, हुबळीला शांताक्का म्हणाल्या, "अण्णा, आता जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय." धारवाडला गोदाक्कांच्या गल्लीत शिरलो तेव्हा चार वाजले होते. अंगणाअंगणातली माणसं बाहेर आली. एका बाईंनी सुलभाला विचारलं, ही कसली गाडी आणि तुमचे यजमान यात काय करतात.

"संडास बघतात," सुलभा म्हणाली. "चांगला बघतात."

गोदाक्का काठी टेकत दाराशी आल्या. त्यांनी शांताक्कांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग भांडल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "शांती! अगं सांगायचं तरी!" शांताक्का गाडीच्या पायरीवर उभ्या, गोदाक्का घराच्या दारात, आणि दोघींच्या मध्ये चार पावलांचं अंगण. शांताक्कांनी हात पुढे केला. "ये की खाली. गाडी बघ."

गोदाक्का जागच्या हलेनात. त्यांच्या मागे उभी असलेली सून म्हणाली, "अत्ती बाहेर येत नाहीत हो. सात वर्षं झाली, अंगणातसुद्धा नाही. त्यांना सारखं आत जावं लागतं. बाहेर गेल्या की जीव घाबरतो."

"तू गुडघे म्हणायचीस!" शांताक्का म्हणाल्या.

"आणि तू नातवाची परीक्षा म्हणायचीस!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रोज सकाळी फोन आणि दोघींनी हीच एक गोष्ट लाजेनं पोटात ठेवलेली. प्रल्हाद उगीच चष्मा पुसत होता.

मग शांताक्का गाडीकडे वळल्या आणि मोठ्यानं, गल्लीनं ऐकावं अशा आवाजात म्हणाल्या, "गोदी, आत संडास आहे. खुर्चीचा. चार पावलं आहेत. चल."

गोदाक्कांनी काठी सुनेच्या हातात दिली. पहिलं पाऊल टाकायला त्यांना मिनिटभर लागलं असेल. बाकीची तीन त्या जवळजवळ पळाल्या. मी आणि बसण्णानं त्यांना वर घेतलं. शांताक्कांनी माझ्या शिकवण्यानुसार पेडल दाखवलं, पाणी दाखवलं, खरखरीत कागद दाखवला आणि सांगितलं, हा विरघळतो, अण्णांनी बरणीत हलवून आणलाय.

थोड्या वेळानं संडासाच्या दाराशी दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

"तू आधी जा," शांताक्का म्हणाल्या.

"नाही गं, तू लांबून आलीस, तू जा."

"थोरली तू. तू आधी."

बसण्णा माझ्या कानाशी आला. "सर, टाकीत जागा किती उरली?"

मी काटा बघितला. "भरपूर आहे," मी म्हणालो. "घेऊ दे त्यांना वेळ."